विश्लेषण : गाडीची ताकद वाढवणारे ‘ट्यूनिंग’ कितपत परवडते? इंजिन, कायदा आणि विमा काय सांगतात?

स्कोडाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘ऑक्टाव्हिया आरएस’ ही वेगवान गाडी भारतात पुन्हा आणली. फक्त १०० गाड्या, एक्स-शोरूम किंमत ४९.९९ लाख रुपये आणि इंजिनाची ताकद २६५ पीएस. गाड्या हातोहात संपल्या. ज्यांना ही गाडी मिळाली नाही किंवा परवडली नाही, त्यांच्यासाठी बाजारात दुसरा मार्ग उपलब्ध आहे. जुनी टर्बो पेट्रोल गाडी घ्यायची, तिच्या संगणकातील प्रोग्राम बदलायचा, हवा ओढणारा भाग मोठा बसवायचा आणि ताकद वाढवून घ्यायची. यालाच ‘ट्यूनिंग’ म्हणतात. काम तासाभराचे, खर्च नव्या गाडीच्या मानाने किरकोळ. मात्र त्यानंतर इंजिनाचे, विम्याचे आणि कायद्याचे काय होते, हे क्वचितच सांगितले जाते.

छत्रपती संभाजीनगरचा याच्याशी काय संबंध?

हे शहर गाड्या बनवणारे आहे. वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. शेंद्रा येथे स्कोडाने २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली, तर २००७ पासून त्याच ठिकाणी ऑडीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या व्यवहाराची चर्चा देशभर झाली होती.

‘आरएस’ हे नावही शहराला नवे नाही. २००४ मध्ये आलेली पहिली ऑक्टाव्हिया आरएस १५० पीएस ताकदीची होती. २०१७ मध्ये आलेल्या आरएसची ताकद २३० पीएस होती आणि तिची जुळणी शेंद्र्यातच होत असे. किंमत २५ लाखांच्या आत होती. २०२० पासून मात्र आरएस पूर्ण तयार स्थितीत परदेशातून येते. त्यामुळे शेंद्र्यात जोडलेल्या जुन्या ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब या गाड्यांना वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मागणी आहे आणि ट्यूनिंगवाल्यांचेही त्यांच्यावर लक्ष आहे.

इंजिनाला हवा किती लागते?

ट्यूनिंग समजून घ्यायचे तर सुरुवात हवेपासून करावी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. म्हणजे त्यासाठी साधारण ११ किलो, आकारमानात नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. उन्हाळ्यात शहरात फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक लिटर पेट्रोलमागे इंजिन जवळपास तेवढी हवा ओढते.

इंजेक्टरने जास्त पेट्रोल फवारणे तुलनेने सोपे आहे. अवघड असते ते तेवढी हवा सिलिंडरमध्ये पोहोचवणे. म्हणून ताकद वाढवण्याचे बहुतेक उपाय शेवटी हवेपाशी येतात.

इथे शहराचे हवामान आडवे येते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा ते सात टक्के कमी असतो. त्यात मे महिन्यात पारा २५ वरून ४२ अंशांवर गेला की हवा आणखी पाच-साडेपाच टक्क्यांनी विरळ होते. दोन्ही मिळून टर्बो नसलेल्या इंजिनाला समुद्रकिनाऱ्यावरील थंड सकाळच्या तुलनेत दहा टक्क्यांहून अधिक कमी हवा मिळते. तेवढीच ताकद घटते.

टर्बो हा त्यावरचा उपाय. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरते, ते दुसऱ्या चक्राला फिरवते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरली जाते. पण हवा दाबली की तापते. ४० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर साध्या हिशेबाने तिचे तापमान १०० अंशांच्या पुढे जाते. ती थंड करण्यासाठी पुढच्या बाजूला ‘इंटरकूलर’ असतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेरची हवाच गरम असल्याने इंटरकूलरलाही मर्यादा येते.

ट्यूनिंगमध्ये नेमके काय बदलतात?

आजच्या गाडीचे इंजिन ‘ईसीयू’ नावाचा छोटा संगणक चालवतो. टर्बोने किती दाब द्यायचा, ठिणगी कधी टाकायची, किती इंधन सोडायचे आणि चाकांकडे जास्तीत जास्त किती जोर जाऊ द्यायचा, याचे तक्ते त्यात साठवलेले असतात. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून हे तक्ते बदलणे म्हणजे ‘रीमॅप’.

बाजारात ‘स्टेज १’, ‘स्टेज २’, ‘स्टेज ३’ असे शब्द वापरले जातात. त्यांची कोणतीही सरकारी व्याख्या नाही. साधारणपणे स्टेज १ म्हणजे फक्त प्रोग्राम बदलणे. स्टेज २ मध्ये मोकळा इनटेक, मोठा इंटरकूलर आणि टर्बोनंतरचा रुंद पाइप म्हणजे ‘डाउनपाइप’ येतो. स्टेज ३ मध्ये टर्बोच मोठा बसवतात. स्टेज २ च्या डाउनपाइपमध्ये अनेकदा प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असतो आणि त्याची तक्रार करणारा सेन्सर प्रोग्राममधून गप्प केलेला असतो. अनेक ग्राहकांना ‘पाइप बदलला’ एवढेच सांगितले जाते.

फक्त इनटेक बदलल्याने ताकद वाढते का?

टर्बो गाडीत फारशी नाही. ईसीयूने टर्बोचा दाब आधीच ठरवलेला असतो. फिल्टर मोकळा केला तरी टर्बो तेवढ्याच दाबापर्यंत हवा भरतो, फक्त थोड्या कमी कष्टात. म्हणजे प्रोग्राम तोच ठेवून निव्वळ इनटेक बदलला तर गाडी वेगवान होण्यापेक्षा तिचा आवाज जास्त वाढतो. कंपनीच्या एअरबॉक्समध्ये हवेचा आवाज दाबण्याचीही सोय असते. ती काढल्यावर येणारा टर्बोचा सुस्कारा अनेकांना ताकद वाढल्यासारखा वाटतो.

तोटे मात्र खरे असतात. पहिला तोटा उष्णतेचा. उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बॉनेटखाली ठेवला तर तो इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत ही हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते. ताकद वाढायच्या ऐवजी कमीच होते.

दुसरा तोटा धुळीचा. जास्त हवा जाऊ देणारा फिल्टर सहसा बारीक धूळही जास्त जाऊ देतो. काळ्या मातीच्या, खोदकाम सुरू असलेल्या रस्त्यांवर रोज धावणाऱ्या गाडीत हीच धूळ टर्बोची पाती आणि सिलिंडरच्या भिंती घासते. कापडी फिल्टरला तेल लावावे लागते. ते जास्त झाले की हवा मोजणाऱ्या सेन्सरवर त्याचा थर बसतो आणि ईसीयूला हवेचा अंदाज चुकीचा मिळतो.

तिसरा तोटा पाण्याचा. थंड हवा मिळावी म्हणून काही इनटेकचे तोंड खाली, बंपरजवळ नेतात. तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली तर तेच तोंड पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर बंद पडते. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

मग कंपनीच जास्त ताकद का देत नाही?

स्कोडाचे २.० टीएसआय इंजिन सुपर्बमध्ये १९० पीएस देत होते. त्याच कुटुंबातले इंजिन २०२० च्या आरएसमध्ये २४५ आणि ताज्या आरएसमध्ये २६५ पीएस देते. यावरून ‘ताकद आतच आहे, कंपनीने कुलूप लावले आहे’ असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. नाव एक असले तरी टर्बो, कूलिंग, ब्रेक आणि गिअरबॉक्स गाडीगणिक वेगळे असू शकतात.

शेंद्र्यात जुळणी होणाऱ्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयचे उदाहरण बोलके आहे. तिची ताकद १८० पीएस आणि टॉर्क २५० न्यूटन मीटर होता. हा आकडा इंजिन थकले म्हणून २५० वर थांबलेला नव्हता. तिच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादाच २५० न्यूटन मीटर होती. चाकणला तयार होणाऱ्या स्लाव्हियाच्या १.५ टीएसआय इंजिनाचा टॉर्कही नेमका २५० न्यूटन मीटर आहे आणि तिच्या ऑटोमॅटिकमध्येही हाच गिअरबॉक्स असतो. रीमॅप करून इंजिनाचा टॉर्क तीनशेच्या पुढे नेता येतो. गिअरबॉक्सची मर्यादा मात्र लॅपटॉपने वाढत नाही. त्याची किंमत क्लच मोजतो आणि बिल मालकाला येते.

दुसरे कारण इंधनाचे. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर वाढली की पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता स्वतःच पेटते. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. सतत नॉकिंग झाले तर पिस्टन फुटतो. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा जितका जास्त तितका हा धोका कमी. भारतात साध्या पेट्रोलसाठी दीर्घकाळ ९१ ऑक्टेन हे किमान प्रमाण होते, तर परदेशातील अनेक तयार मॅप ९५ किंवा ९८ ऑक्टेन गृहीत धरून केलेले असतात.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले ई२० पेट्रोल मिळते. इथेनॉल नॉकिंग रोखण्यात चांगले आहे. पण एक किलो इथेनॉलला फक्त नऊ किलो हवा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त फवारावे लागते. इथेनॉल लक्षात न घेता केलेल्या जुन्या मॅपमध्ये इंजेक्टर आणि पंप आधीच शेवटच्या टोकाला काम करत असतील, तर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर इंधन कमी पडू शकते. मिश्रण विरळ झाले की आतले तापमान वाढते.

कंपनी जो राखीव वाव ठेवते तो ४५ अंशांचा उन्हाळा, निकृष्ट पेट्रोल, लांबलेली सर्व्हिसिंग आणि लाखभर किलोमीटरचे आयुष्य यांसाठी असतो. ट्यूनर तोच वाव ताकदीच्या रूपात विकतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ स्पष्ट आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका अधोरेखित केली.

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक झाली. कलम १८२ अ (४) नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषण आणि आवाजाच्या मानकांचा भंग करून गाडी चालवल्यास कलम १९० (२) लागते. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना अपात्रतेची तरतूद आहे.

याहून महत्त्वाची बाब गॅरेजवाल्यांसाठी आहे. नियमांत न बसणारा बदल करणारा उत्पादक, आयातदार किंवा ‘डीलर’ असेल तर कलम १८२ अ (१) नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आणि याच कायद्यात ‘डीलर’च्या व्याख्येत वाहन दुरुस्तीचा व्यवसाय करणाराही येतो. म्हणजे हौस ग्राहकाची असली, तरी कागदावर मोठी जोखीम गॅरेज चालवणाऱ्याची आहे.

कारवाई मग दिसत का नाही?

कारण कायदा ऐकू येणाऱ्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या बदलावर चालतो. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी बुलेटचे कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले. त्याची छायाचित्रे आपण पाहतो. ईसीयूतील बदल मात्र नाक्यावर उभ्या पोलिसाला दिसत नाही. पीयूसी केंद्रातही तो सापडेलच असे नाही. पेट्रोल गाडीची ती चाचणी गाडी जागेवर उभी असताना होते. रीमॅपचा परिणाम दिसतो तो पूर्ण दाबाखाली, रस्त्यावर. परिणामी दीड-दोन लाखांच्या दुचाकीवर कारवाई होते आणि पन्नास लाखांची बदललेली गाडी बिनबोभाट निघून जाते.

कंपनीच्या यंत्रणेला मात्र ती दिसते. फोक्सवॅगन समूहाच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी संगणकाला जोडल्यावर ईसीयूतील मूळ प्रोग्राम बदलल्याचे आढळले, तर ‘टीडी१’ नावाची खूण त्या गाडीच्या नोंदीला लागते. त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्सचा वॉरंटी दावा मिळणे अवघड होते. मूळ प्रोग्राम परत टाकला तरी खूण सहजी पुसली जात नाही.

विम्याचेही तसेच. गाडीत केलेला महत्त्वाचा बदल विमा कंपनीला कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे. तो लपवला आणि अपघातानंतर सर्वेक्षकाच्या लक्षात आला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. अपघातात दुसऱ्याचा जीव गेला असेल, तर प्रश्न पैशांपुरता उरत नाही.

वाढलेला वेग वापरायचा कुठे?

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आणि तो शहराच्या दारातून जातो. त्यावर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. शेंद्र्यात जोडलेली कोणतीही गाडी हा वेग काहीही न बदलता गाठते. १२० ऐवजी १६० ने गेल्यास वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. ट्यूनिंगच्या पॅकेजमध्ये ब्रेक आणि टायरचा खर्च क्वचितच धरलेला असतो.

वेगासाठी योग्य जागा ट्रॅक हीच आहे. चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडात ट्रॅक आहेत. लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. मराठवाड्यात मात्र अशी सोय नाही. वाहननिर्मितीच्या बळावर वाढलेल्या या भागात हौशी चालकाला सुरक्षितपणे गाडी पळवता येईल, असा एक किलोमीटरही नाही.

यावर मार्ग आहे का?

परदेशात सरसकट बंदी नाही आणि मोकळीकही नाही. कॅलिफोर्नियात बाजारातील इनटेकची प्रदूषण चाचणी होते. तो उत्तीर्ण झाला तर तेथील हवा नियंत्रण मंडळ त्याला क्रमांक देते आणि तो क्रमांक असलेला भाग रस्त्यावर चालतो. जर्मनीत मान्यताप्राप्त तपासनीस बदल तपासतात आणि आवश्यक तेथे गाडीच्या कागदपत्रांत त्याची नोंद होते.

भारताला ही पद्धत अपरिचित नाही. बाहेरून बसवायचे सीएनजी किट आपल्याकडे आधी चाचणी संस्थेकडून मंजूर होते, मग आरटीओ आरसीवर नोंद करते. पुण्यात १९६६ पासून कार्यरत असलेली ‘एआरएआय’ ही संस्था अशा चाचण्या करण्यास सक्षम आहे. मंजूर भाग, त्यावरचा क्रमांक आणि आरसीवरची नोंद ही साखळी इनटेक आणि रीमॅपलाही लावता येईल. त्यातून चांगला ट्यूनर उजेडात येईल, कन्व्हर्टर काढून विकणारा बाजूला पडेल आणि तपासणाऱ्याच्या हातात आवाजाखेरीज दुसरे मोजमाप येईल.

तोपर्यंत ग्राहकाने काय करावे?

जुनी टर्बो गाडी घेताना अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूची तपासणी करून घ्यावी आणि सर्व्हिसिंगची पूर्ण नोंद पाहावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का, हे गाडी वर उचलून पाहावे. थंड इंजिन सुरू करून गिअर बदलताना धक्का बसतो का, हे तपासावे.

गाडी मंदावल्यासारखी वाटत असेल, तर रीमॅपआधी स्पार्क प्लग, चोंदलेला फिल्टर, इंटरकूलरच्या नळ्यांतील गळती आणि व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन यांची तपासणी करावी. ओल्या क्लचच्या सहा गिअर डीएसजीचे तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलणे अपेक्षित असते, ते राहिले आहे का हेही पाहावे. जुन्या गाडीची हरवलेली ताकद अनेकदा यातूनच परत मिळते. त्यासाठी ना आरटीओची परवानगी लागते, ना विमा कंपनीपासून काही लपवावे लागते.